कळ्ळ आणि कळ्ळं

गुरुलिंग सरांना कॉलेजातली पोरं पाठीमागे 'पुरावे सर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. उभी हयात त्यांनी सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. वर्षाच्या पहिल्या तासाला ते दाराआड जाऊन काहीतरी जमिनीवर आपटायचे आणि परत येऊन विचारायचे, "काय पडलं?" कुणी म्हणे ताटली, कुणी डबा, एखादी शहाणी पोर म्हणे किल्ल्या. मग सर हात झटकत सांगायचे, "आवाज ऐकलात तुम्ही, वस्तू कुणीच पाहिली नाही. तरी भांडायला तयार! माणूस असाच असतो. आधी मानतो, मग ऐकतो." काय पडलं होतं ते मात्र ते कधीच सांगत नसत. पोरं चडफडत घरी जायची.

निवृत्त झाल्यावर हा खाक्या भवानी पेठेतल्या घरातच चालू राहिला. बायकोनं, महानंदानं, सोमवार धरला की पुरावा. शेजारच्या लूमवाल्यानं कुणा बाबाचा अंगारा दिला की पुरावा. घर लिंगायत, पण तरुणपणीच त्यांनी गळ्यातलं लिंग काढून ठेवलं होतं, तेव्हा त्यांची आई अक्कम्मा जेवायची थांबली होती. शेवटी तिनंच हार मानली, पण स्वतःच्या गळ्यातली चांदीची करडगी, म्हणजे लिंग ठेवायची ती सुपारीएवढी डबी, तिनं आंघोळीलासुद्धा कधी उतरवली नाही. मेल्यावर ती आपल्याबरोबरच मातीत जायची, हे तिचं ठरलेलं होतं. सरांनी जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर संशय घेतला. स्वतःच्या आठवणीवर घ्यायचं मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

माघ महिन्यात अक्कम्माच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. अक्कलकोटापलीकडच्या गावातून नांदायला आलेली ही बाई, घरात कानडी आणि दारात मराठी असं तोंड भरून बोलणारी. तिच्या तोंडून आता नुसता श्वास यायचा. तिचं करायला मिलिंदनगरची मीनाबाई ठेवली. सकाळी यायची, दिवे लागल्यावर जायची. हाडापेरानं दणकट, बोलायला फटकळ, आणि रोगी माणसाला हात लावायची तिची पद्धत इतकी जपून की बघणाऱ्याला आपलेच हात राकट वाटावेत. अक्कम्माशी ती दिवसभर बोलत बसायची. "आक्का, ह्यो पंखा लावला बगा, कळ्ळं का? आक्का, कूस बदलायची हाय, कळ्ळं का?" अक्कम्मा नुसती बघायची.

घरात मीनाबाईचा चहाचा कप वेगळा होता, फडताळाच्या खालच्या खणात, पालथा. महानंदानं तो पहिल्याच दिवशी वेगळा काढला. सरांना ते खटकलं होतं. पण कप वेगळा ठेवण्यामागे स्वच्छतेचाही हेतू असू शकतो, हेतू काही डोळ्यांना दिसत नाही, आणि पुराव्याशिवाय बायकोवर आरोप करणं बरं नव्हे, असा विचार करून ते गप्प बसले. सरांचा विचार हा नेहमी असाच, सगळ्यांना सोयीचा.

चैत्रात डॉक्टरांनी पुन्हा मेंदूचा फोटो काढायला सांगितला. अक्कम्मा आणि मीनाबाई रिक्षातून गेल्या, सर स्कूटरवरून. आत नेण्याआधी तिथला माणूस म्हणाला, गळ्यातलं धातूचं काढा. मीनाबाई बाहेर फाइल आणि चपला सांभाळत बसली होती. सरांनी स्वतःच्या हातानं आईच्या गळ्यातून करडगी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदा सासूच्या गळ्याला पावडर लावायला गेली तर गळा मोकळा.

घर उलटंपालटं केलं. गादीखाली, मोरीत, धुण्याच्या बादलीत, सगळीकडे पाहिलं. आणि सरांनी आयुष्यात कधी नव्हे तो बिनपुराव्याचा शब्द दिला. "फोटो झाल्यावर मी परत बांधली. मला नीट आठवतंय. गाठ मारताना तिनं मान हलवली, तेसुद्धा आठवतंय."

झालं. सरांनी बांधली म्हणजे करडगी घरात आली. घरात आली आणि घरातून गेली, म्हणजे कुणीतरी नेली.

मीनाबाई गोंधळली. "सांजच्याला लुगडं बदलताना गळ्यात काय दिसल्यालं आठवत न्हाय वो मला," ती म्हणाली. मग सरांकडे बघून म्हणाली, "पर सर म्हनत्यात म्हंजे असंल. माजंच ध्यान नसंल." स्वतःचे धडधाकट डोळे तिनं सरांच्या शब्दाखातर खोटे ठरवले. असा विद्यार्थी सरांना अख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता.

त्याच रविवारी सरांचा धाकटा भाऊ बसलिंग मोहोळहून आला. त्याचं तिथं बी-बियाण्याचं दुकान. माणूस रोखठोक, कानात शिरलं की तोंडातून बाहेर. तो आणि महानंदा अक्कम्माच्या पलंगापाशी बसले होते. मीनाबाई आंबिलाची वाटी घेऊन दारातून आत आली आणि तिच्या पाठोपाठ पेपर हातात घेऊन सर. अक्कम्मानं डावा हात उचलला, दाराकडे रोखला, आणि कित्येक आठवड्यांनी तिच्या घशातून शब्द निघाला.

"कळ्ळ."

मीनाबाईच्या हातातली वाटी हिंदकळली. "आगं बया! आक्कांना कळ्ळं! वैनी, ऐकलं का? कळ्ळं म्हनल्या! लई दिसांनी बोलल्या बगा!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं वाटी खाली ठेवली आणि अक्कम्माच्या गालावरून हात फिरवला.

बाकीच्या तिघांच्या तोंडावर मात्र रंग उरला नव्हता. त्या घरात कानडी रोजची होती, आणि कानडीत कळ्ळ म्हणजे चोर.

"अण्णा," बसलिंग हळूच म्हणाला, "अव्वा काय म्हणाली, ऐकलंस?"

सरांनी ऐकलं होतं. आणि त्यांची बुद्धी तर्कशास्त्राच्या मास्तराची, ती क्षणात कामाला लागली. कानडीत कळ्ळ हा पुरुष. बाई चोर असली तर कळ्ळी म्हणतात. अव्वा जन्माची कानडी, ती बाईला कळ्ळ म्हणणार नाही. शिवाय दारात मीनाबाई एकटी नव्हती. तिच्या खांद्यामागे आपण होतो, आणि हात थोडा वर उचलला होता. आणि तिसरं म्हणजे, ज्या मेंदूतून शब्दच वाहून गेले त्यातून निघालेल्या एका आवाजाला काय अर्थ असायचा? तिन्ही मुद्दे बिनतोड होते. तिन्ही मीनाबाईच्या बाजूचे होते. त्यातला एक जरी तोंडातून निघाला असता तरी त्या बाईचं नाव वाचलं असतं. पण दुसरा मुद्दा बोलायचा तर बोट स्वतःकडे वळवावं लागत होतं, आणि पहिला बोलला की दुसरा आपोआप येत होता.

"एका शब्दावरून काहीच सिद्ध होत नाही," तिसरा मुद्दा तेवढा बोथट करून सर म्हणाले.

"म्हणजे तू नाही म्हणत नाहीस," बसलिंग म्हणाला आणि उठला.

पुढचं सगळं झपाट्यात झालं. बसलिंगनं मीनाबाईला त्या शब्दाचा कानडी अर्थ मराठीत ऐकवला, तोही आवाज चढवून. महानंदाला कळ्ळ आणि कळ्ळीतला फरक सरांइतकाच ठाऊक होता, पण ती म्हणाली, "एवढ्या आजारात शेवटचं अक्षर कुठं नीट निघतंय?" आणि मग म्हणाली, "मला पहिल्यापासून शंका होतीच." कसली शंका, ते तिनं सांगितलं नाही. त्या पालथ्या कपाकडे बघितलं असतं तर समजलं असतं.

मीनाबाई रडली नाही. ती वळली ती सरांकडे. "सर, तुमी सांगा की. तुमी शिकल्याली मानसं. मी नेली का?"

सरांनी पेपराची घडी घातली, उलगडली. "मी काहीच म्हणत नाही, मीनाबाई. मी कुणालाच दोष देत नाही."

राग येतो तो इथं. बसलिंग तापट, महानंदा संशयी, त्यांना जे वाटलं ते त्यांनी मानलं. मूर्खपणा म्हणून तो सोडून देता येतो. सरांनी काही मानलंच नाही. ते काठावर उभे राहिले, पाय कोरडे ठेवून. आणि त्याला ते स्वतः मनातल्या मनात बौद्धिक प्रामाणिकपणा म्हणत होते.

मीनाबाईनं डोक्यावरून पदर घेतला. "तुमी एकल्यानंच मला चोर म्हनलं न्हाय सर. इसरायची न्हाय मी," एवढं बोलून ती गेली. तिचा डबा आणि बदलायचं लुगडं तसंच मोरीतल्या खुंटीला राहिलं.

वैशाखात वाचा शिकवणाऱ्या एक बाई घरी येऊ लागल्या. चैताली मॅडम, वयानं लहान, पण शांत. त्यांनी अक्कम्मासमोर चमचा धरला. "आजी, हे काय?" अक्कम्मा म्हणाली, "कळ्ळ." पाण्याचा तांब्या दाखवला. "कळ्ळ." खिडकी, मुलगा, सून, स्वतःचं बोट, सगळ्याला कळ्ळ. मॅडम म्हणाल्या, "असं होतं. सगळी भाषा जाते आणि एखादाच शब्द अडकून राहतो. त्याचा त्यांच्या लेखी काही अर्थ नसतो. बऱ्याचदा जो सारखा कानावर पडतो तोच राहतो. यांच्याशी 'कळलं का, कळलं का' असं कोण बोलायचं?"

महानंदानं चमचा उचलून आत नेला. मॅडम गेल्यावर महानंदा म्हणाली, "आता म्हणतायत सगळ्यालाच. पण त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा तिच्याकडेच बोट होतं. पहिला शब्द खोटा कसा असेल?" बसलिंगला फोनवर सांगितलं तर तोही तेच म्हणाला. सरांना वाटलं, वर्गात आयुष्यभर सांगितलं ते किती खरं होतं. आधी मानतो, मग ऐकतो. स्वतःचं म्हणणं खरं ठरलं याचं त्यांना किंचित समाधानही झालं. लाज त्यांना नंतर वाटली, आणि फार वेळ टिकली नाही.

स्कूटरच्या पुढच्या कप्प्याचं कुलूप बरेच दिवस अडकलेलं होतं. गाडी सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा गॅरेजवाल्या सयाजीनं स्क्रूड्रायव्हर घालून ते उचकटलं आणि म्हणाला, "सर, तुमचा रुमाल हाय बगा ह्यात. काय तरी बांदून ठिवल्यालं दिसतंय."

रुमालाची गाठ सुटायच्या आधीच सरांना सगळं आठवलं. त्या दिवशी करडगी हातात होती, बसलिंगचा फोन आला, आत रेंज मिळेना म्हणून ते बाहेर गाडीपाशी आले, बोलता बोलता रुमालात गुंडाळून कप्प्यात ठेवली, कुलूप लावलं, आणि परत आत गेले ते रिकाम्या हातांनी. आईच्या गळ्यात गाठ मारल्याची आठवण पूर्ण होती, स्वच्छ होती, मान हलवल्यासकट. पण ती गोष्ट घडलीच नव्हती. वर्षानुवर्षं आईनं सकाळी पूजेनंतर मान हलवून करडगी सारखी केलेली त्यांनी पाहिली होती. त्यातूनच मनानं ती आठवण शिवून काढली असावी. सर गॅरेजच्या बाकड्यावर बसले. सयाजीनं पाणी दिलं, त्याला वाटलं ऊन लागलं.

आता घरी जाऊन बोलायचं, असं ठरवूनच ते निघाले. पेठेच्या कोपऱ्यापर्यंत तो निश्चय टिकला. मग वाटलं, आरोप आपण केला नव्हता, तर कबुली तरी का द्यावी? वस्तू सापडली की आरोप आपोआप मिटेल. त्यांनी दुपारी सगळे झोपलेले पाहून करडगी अक्कम्माच्या गादीच्या आणि भिंतीच्या फटीत सारली.

दुसऱ्या दिवशी चादर बदलताना महानंदाला ती सापडली. तिनं हात जोडले, डोळ्यांना लावली, सासूच्या गळ्यात बांधली. सर दारात उभे राहून वाट बघत होते, आता ती म्हणेल, अरेरे, बिचारी मीनाबाई.

"बघितलंत?" महानंदा म्हणाली. "परवा आली होती की नाही डबा आणि लुगडं न्यायला? अत्याबाईंच्या पाया पडायचं म्हणून आत गेली. तेव्हाच ठेवली. दुसऱ्याचं लिंग घरात ठेवून झोप लागली नसेल. ही फट मी स्वतः हात घालून तपासली होती, तेव्हा इथं काहीसुद्धा नव्हतं."

ती फट तिनं खरंच तपासली होती आणि तेव्हा तिथं खरंच काही नव्हतं. तिचा तर्क चोख होता. मीनाबाई कालपर्यंत संशयित होती, आज ती चोर ठरली, आणि पुरावा सरांनी स्वतःच्या हातानं नेऊन ठेवला होता. सर 'अगं' म्हणाले. महानंदानं वर पाहिलं. सर म्हणाले, "चहा टाकतेस का?"

मृगाच्या सुमारास मीनाबाईचा फोन आला. "सर, होटगी रोडला एक बंगला हाय. म्हाताऱ्या मानसाचं करायचंय. काम लई चांगलं हाय. त्या बाई म्हनल्या, आधीच्या घरचा नंबर द्या. मी तुमचा दिलाय. त्यांचा फोन ईल तवा तेवडं सांगा की, मी कशी हाय ते. धा घरं फिरली सर, समदीकडं पेठेतली गोष्ट पोचलीया. आता तुमच्याच शब्दावर हाय बगा."

"सांगतो," सर म्हणाले. आणि त्या क्षणी ते खरंच सांगणार होते.

बंगल्यातल्या बाईंचा फोन आला तेव्हा सर सोप्यात बसले होते आणि समोर महानंदा चटणीसाठी शेंगदाणे निवडत होती. बाईंनी काम कसं, स्वच्छता कशी विचारलं. सरांनी उत्तम, उत्तम म्हटलं. महानंदाचे हात सावकाश झाले. मग बाई म्हणाल्या, "एक ऐकलंय म्हणून विचारते, राग मानू नका. तुमच्याकडे काही चोरी झाली होती का? त्यांनी केली होती का?"

नाही. एवढंच म्हणायचं होतं. महानंदा आता सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती. नाही म्हटलं की ती विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक?

"तसा काही पुरावा नव्हता," सर म्हणाले. "ठामपणे काहीच सांगता येणार नाही."

बाई म्हणाल्या, "बरं. समजलं. स्पष्ट बोललात, बरं झालं सर."

महानंदा पुन्हा शेंगदाण्यांकडे वळली. सरांनी जे सांगितलं त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

दोन दिवसांनी सर मिलिंदनगरला गेले. मीनाबाई दारात बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. कुठल्याशा कारखान्याचं घरी आणलेलं काम. सरांना बघून ती लगबगीनं उठली, खुर्ची पुसली, आतल्या सुनेला चहा ठेवायला सांगितला. शेजारणीला हाक मारून म्हणाली, "ह्येच ते सर. म्या सांगत न्हवते?"

मग स्वतःच म्हणाली, "न्हाय झालं सर ते काम. तुमी एवडं चांगलं सांगितलं असंल, तरीबी. लोकांचं कान एकदा भरलं की भरलं."

"मीनाबाई, मी चांगलं सांगितलं नाही."

ती हसली. "असू द्या की."

सरांनी खुर्चीचा दांडा धरला. आयुष्यात पहिल्यांदाच ते असं काही सांगत होते जे शंभर टक्के ठाऊक होतं. "करडगी माझ्याकडेच होती. स्कूटरच्या कप्प्यात. मीच ठेवली आणि विसरलो. सापडल्यावर गादीपाशी मीच सारली. तुम्ही काही केलं नाही."

मीनाबाईच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीवर थांबला. सर खाली मान घालून शिव्यांची वाट बघत होते; त्या बसल्या असत्या तर त्यांना त्या हव्याच होत्या.

"सर," ती म्हणाली, "माज्यासाटी एवडं खोटं आंगावर घिऊ नगा. तुमी बांधल्याली, तुमीच सांगितलं हुतं समद्यांम्होरं. तुमच्यासारका मानूस खोटं बोलंल व्हय? माजी दया आली म्हनून बोलताय तुमी. मला काय कळत न्हाय का?" आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "बग गं. म्या म्हनत न्हवते, देवमानूस हाय म्हनून?"

शेजारीण मान डोलावत सरांच्या पाया पडायला वाकली.

सयाजीचं गॅरेज तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मीनाबाईला हाताला धरून तिथं नेलं असतं, तर त्यानं रुमालासकट सगळं सांगितलं असतं. मग तिथून भवानी पेठेत, महानंदापुढे. सरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, घरातला सगळ्यात चांगला कप, बशीसकट. सरांनी तो घेतला. मीनाबाई समोर उभी राहून ते पीत असलेले कौतुकानं बघत होती, आणि चहा गोड आहे का, म्हणून विचारत होती.

"चांगला झालाय," सर म्हणाले.